आजोबा अजून जेवताहेत

शियाव थ्येन-फू जाऊन सात वर्षं झाली होती, पण श्राद्धाला एकदा पानावर बसले की ते उठायचं नाव घेत नसत. यंदा तर त्यांना कुणी उठू देणारच नव्हतं. आमाने सकाळीच सांगून टाकलं होतं, "म्हातारा जेवायला आलाय तोवर त्याला धरायचा. पोरीच्या कॉलेजचं काय ते त्याच्याकडून वदवून घ्यायचं आणि मगच जाऊ द्यायचं. एकदा हात धुतला की तो वर्षभर कुणाला सापडायचा नाही." आमा म्हणजे आजी. मुलं, सुना, कारखान्यातल्या बायका, सगळे तिला नातवंडांच्या तोंडच्या याच नावाने हाक मारत.

त्यामुळे पेई-लानने पहाटे उठून केलेला स्वयंपाक टेबलावर निवत चालला होता. अख्खी उकडलेली कोंबडी, तळलेला मासा, सोया घालून शिजवलेलं डुकराचं मांस, कोवळ्या बांबूचं सूप आणि सासऱ्यांच्या जिवाभावाचा टर्कीभात. च्यायी गावातल्या माणसाला स्वर्गातसुद्धा टर्कीभात लागतो. भुकेल्या जिवंत माणसांनी मात्र सासऱ्यांचं होईपर्यंत एका दाण्यालाही हात लावायचा नाही, असा नियम होता. पेई-लान मधली सून. या घरात आल्यापासून ती मेलेल्यांना गरम आणि जिवंतांना गार वाढत आली होती. तिने पंख्याचं तोंड माशाकडे वळवलं आणि दाराला टेकून उभी राहिली. यो-चेन तिचीच मुलगी, पण तिचं काय करायचं हे पेई-लानला अजून कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारतील असं तिला वाटतही नव्हतं.

प्रश्न साधा होता. यो-चेनला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. एक तैपेईच्या नावाजलेल्या विद्यापीठात, हिशेबशास्त्राला. दुसरा क्रीडा विद्यापीठात, क्रीडा व्यवस्थापनाला, म्हणजे खेळाचा धंदा कसा चालवायचा ते शिकायला. पहिली पसंती कोणती, ते उद्या संध्याकाळपर्यंत संगणकावर कळवायचं होतं. एकदा कळ दाबली की मग कुणाच्या बापाला बदलता येत नव्हतं. यो-चेनला खेळाकडे जायचं होतं. ती ते मार्चपासून सांगत होती, आणि घर मार्चपासून ते ऐकून घेऊन दुसरंच काहीतरी बोलत होतं.

थोरले वेन-पिन देव्हाऱ्यासमोर दोन्ही हात मागे बांधून उभे होते. तैपेईच्या एका शाळेत ते उपमुख्याध्यापक होते आणि घरीसुद्धा सकाळच्या प्रार्थनेला उभं राहिल्यासारखेच उभे राहत.

"विषयाला कोण विचारतं?" ते म्हणाले. "लोक आधी दारावरची पाटी बघतात. या विद्यापीठात तिला झाडू मारायला शिकवलं तरी मी म्हणेन, जा."

"मोठे काका, झाडू मारायचा तर घरीच मारते की," यो-चेन म्हणाली.

"बघा! अजून खेळवाल्यांच्यात गेली नाही तोवर ही भाषा."

"भाषा राहू दे दादा," सू-च्यू आत्या मध्ये पडली. ती काऊश्युंगला राहायची, नवऱ्याचं औषधाचं दुकान सांभाळायची आणि माहेरी आली की कायम नव्या विचारांच्या बाजूने असायची. "आता खेळातच पैसा आहे. आमचा चुन-वेई अमेरिकेतून हेच शिकून आला ना! केवढ्या मोठ्या क्लबात आहे. जनसंपर्क बघतो."

"कुठला जनसंपर्क?" वेन-पिन म्हणाले. "मी टीव्हीवर बघितला त्याला. अस्वलाचं सोंग घालून सामन्याच्या मध्यंतरात नाचत होता. डोकं काढून पाणी पीत होता म्हणून ओळखू आला."

पेई-लानने पदर असता तर तोंडात कोंबला असता, पण अंगात टी-शर्ट होता, म्हणून ती स्वयंपाकघरात जाऊन आली. परत आली तेव्हा आत्याचा पक्ष बदललेला होता.

"मी काय म्हणते," सू-च्यू आत्या म्हणत होती, "मुलीच्या जातीला हिशेबशास्त्र काही वाईट नाही."

आणि वेन-लुंग? पेई-लानचा नवरा खुर्चीवर बसून ग्लोव्हला लावायची कातडी वादी बोटाभोवती गुंडाळत होता. वडिलांच्या मागे बेसबॉलच्या ग्लोव्हचा कारखाना त्यानेच चालवला होता. पुढच्या दालनातली शिवणयंत्रं आज बंद होती, पण कातड्याचा वास उदबत्तीलाही आवरत नव्हता. वेन-लुंगचं मत जो शेवटचा बोलला त्याच्यासारखं असायचं. सकाळी मुलीबरोबर नाश्ता केला तेव्हा तो खेळाच्या बाजूने होता. आता म्हणाला, "कारखान्याला हिशेबनीस हवाच आहे म्हणा."

"बाबा!" यो-चेन म्हणाली.

"नाही, म्हणजे तुझंही बरोबर आहे."

"पुरे," आमा म्हणाली. ती वेताच्या खुर्चीत, देव्हाऱ्याच्या अगदी बाजूला, नवऱ्याच्या ताटाची राखण करत बसली होती. "कोरी काढ."

लाकडाच्या दोन लाल चंद्रकोरी, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर. ओंजळीत धरायच्या, प्रश्न बोलायचा, फरशीवर सोडायच्या. एक सपाट आणि एक फुगीर पडली की होकार. दोन्ही फुगीर बाजूने वर आल्या की नकार. दोन्ही सपाट वर आल्या, तर म्हातारा हसतोय असं समजायचं. जेवण झालं का, एवढ्याला एक होकार पुरे. पोरीच्या आयुष्याला लागोपाठ तीन हवेत.

थोरला म्हणून पहिला मान वेन-पिन यांचा. ते गुडघ्यांवर बसले, घसा साफ केला आणि वार्षिक अहवाल वाचावा तसा प्रश्न मांडला. "बाबा, मी वेन-पिन. आपली नात यो-चेन हिने देशातल्या सर्वश्रेष्ठ विद्यापीठात, जिथे प्रवेशासाठी लाखो मुलं धडपडतात, हिशेबशास्त्राचं शिक्षण घेऊन शियाव घराण्याचं नाव उज्ज्वल करावं, हे आपल्याला मान्य आहे ना?"

"काका, हा प्रश्न आहे की जाहिरात?" यो-चेन म्हणाली.

कोरी पडल्या. होकार. वेन-पिन यांनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. एरवी हेच गृहस्थ कौलाला अंधश्रद्धा म्हणत आणि शाळेत त्यावर भाषण देत. दुसऱ्यांदा टाकल्या. पुन्हा होकार. आता त्यांच्या चेहऱ्यावर अशी श्रद्धा दाटली की देवळातल्या पुजाऱ्याने बघून शिकावं.

तिसऱ्यांदा दोन्ही कोरी सपाट बाजूने वर पडल्या.

"हसला," आमा म्हणाली.

"वाऱ्याने पालटल्या," वेन-पिन म्हणाले. "पेई-लान, तो पंखा बंद करा."

"मासा खराब होईल, भाऊजी."

पंखा बंद झाला. घाम सुरू झाला. वेन-पिन यांनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं. म्हातारा हसला. सू-च्यू आत्याने विचारलं. म्हातारा हसला. वेन-लुंगने विचारलं, आणि नेमकं काय विचारतोय हे त्यालाच मध्ये आठवेना, तेव्हाही म्हातारा हसला. आत्याने सुचवलं की प्रश्नात विद्यापीठाचं पूर्ण नाव आणि पत्ता सांगायला हवा, बाबा तैपेईला फार कमी वेळा गेले होते. तेही करून झालं. कोंबडीच्या डोळ्यावर माशी बसली.

"एवढं काय त्यात हसण्यासारखं?" वेन-पिन कातावले.

"तू गाडीच्या डिकीत काय आणलंयस ते त्याला दिसलं असेल," आमा म्हणाली.

वेन-पिन यांचे कान लाल झाले. मग सगळंच बाहेर आलं. डिकीत लाल कापडाचा फलक होता, दारावर टांगायचा, सोनेरी अक्षरांचा: शियाव घराण्याची सुकन्या यो-चेन हिची अमुक विद्यापीठाच्या हिशेबशास्त्र विभागात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. खाली अभिनंदन करणाऱ्याचं नाव सुकन्येच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत होतं. तैपेईहून येतानाच त्यांनी तो छापून आणला होता. शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटावेत तशी बातमीही वाटून झाली होती.

"म्हणजे बाबांना विचारायच्या आधीच तू छापून घेतलंस?" आत्याने विचारलं.

"बाबा हो म्हणणारच होते."

पेई-लानला संताप आला. तोपर्यंत तिचं स्वतःचं मन हिशेबशास्त्राकडेच होतं, कारण हिशेबाच्या नोकरीत वातानुकूलित खोली असते आणि कुणी कुणाला वाढत बसत नाही. पण मुलीचं नाव तिला न विचारता कापडावर चढवलेलं बघून तिला वाटलं, ही यांच्या हातात सापडता कामा नये. ती मनातल्या मनात मुलीच्या बाजूला गेली. बोलली मात्र नाही. बोलून या घरात कधी काही झालं नव्हतं.

"पण मला एक सांगा," वेन-पिन सावरून म्हणाले, "खेळाचा धंदा, खेळाचा धंदा म्हणजे नक्की काय असतं? चार लोक खेळतात, बाकीचे ओरडतात. यात शिकण्यासारखं काय आहे?"

"मग मी आणि तुझा बाप चाळीस वर्षं काय करत होतो?" आमा म्हणाली. "तुझी फी ओरडून भरली का?"

तेवढ्यात स्कूटरचा आवाज आला आणि आ-होंग आला.

आ-होंग धाकटा. एकेकाळी व्यावसायिक बेसबॉल क्लबात पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा होता. आता वेन्हुआ रस्त्यावरच्या रात्रीच्या बाजारात त्याची तळलेल्या चिकनची गाडी होती. त्याला यायला उशीर झाला होता, कारण दुपारी मसाला लावून ठेवावा लागतो. तो आत आला तशी यो-चेन उभी राहिली. सगळ्या घराने गृहीत धरलं, की आता दोन खेळवाले एक झाले. वेन-पिन यांनी तर लढायला हातही मागून पुढे आणले.

आ-होंगने उदबत्ती लावली, वडिलांना नमस्कार केला, कोरींकडे, गार झालेल्या सूपाकडे आणि पुतणीकडे पाहिलं.

"हिला हिशेबशास्त्राला घाला," तो म्हणाला.

यो-चेनने काही ऐकलंच नाही असं दाखवलं. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"काका?"

"खेळवाल्यांचं ऑफिस मी बघितलंय. तिथे माणसं नसतात. टाय लावलेले लोक असतात. ते तुझ्याशी हसून बोलतात, जेवायला घालतात, आणि एक दिवस फोन करतात. तुला तिकडे जायचंय?"

"शाब्बास!" वेन-पिन म्हणाले. "अनुभवाचे बोल आहेत. ऐक यो-चेन, तुझ्याच काकाचं ऐक." गेल्या नऊ वर्षांत त्यांनी धाकट्या भावाच्या कुठल्या बोलण्याला अनुभवाचे बोल म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

यो-चेन मागच्या दाराने अंगणात गेली. पेई-लान सूप गरम करायचं निमित्त काढून स्वयंपाकघरात आली. तिथल्या खिडकीतून अंगणातला नळ दिसतो आणि बोलणंही ऐकू येतं. थोड्या वेळाने आ-होंग हात धुवायला नळावर आला.

"रागावलीस?"

"तुझ्यासाठीच जातेय मी, आणि तूच..."

"माझ्यासाठी? मी कधी सांगितलं?"

"तो फोन आला तेव्हा मी तुझ्या शेजारी बसले होते," यो-चेन म्हणाली. "नव्या वर्षाच्या जेवणाला. तू मासा खात होतास. फोनवर तो माणूस काय बोलत होता ते मला ऐकू येत होतं. पुढच्या हंगामात तुमची गरज नाही, म्हणाला. आवाजावरून तुझ्यापेक्षा लहान होता. मागे गाणी लागली होती. आणि तू काय म्हणालास? धन्यवाद. तीनदा म्हणालास, काका. मग फोन ठेवलास आणि परत मासा खायला लागलास."

आ-होंगने नळ सोडला, पण हात पुढे केले नाहीत.

"मला तो फोन करणारा माणूस व्हायचंय," यो-चेन म्हणाली.

"काय?"

"कुणाला तरी तो फोन करावा लागणारच ना? क्लबला माणसं काढावी लागतात, मला कळतं. मी लहान नाही. पण तो करणारा माणूस मी असले ना, तर असा करणार नाही. आधी त्याला सांगेन की कोपरावर उपचार कुठे होतात, दुसरीकडे चाचणी कुठे आहे, करारात त्याचं काय राहिलंय. तुला कुणी सांगितलं का? तुला दुसऱ्या क्लबने बोलावलं होतं, तेही तू गेला नाहीस."

"दादा म्हणाला हात संपलाय. हसं करून घेऊ नकोस."

"आणि तू ऐकलंस."

"तेव्हा सगळेच तसं म्हणत होते."

"आजोबासुद्धा?"

आ-होंगने नळ बंद केला. पेई-लानच्या हातातली पळी तशीच राहिली होती. त्या वेळी सासरे काय म्हणाले होते ते तिला माहीत होतं. तो निर्णय या टेबलावर झाला तेव्हा म्हातारा पुढच्या दालनात एक ग्लोव्ह शिवत बसला होता. पेई-लान त्याला चहा द्यायला गेली होती. तो म्हणाला होता, "हात बघायला कुणी आलं नाही. सगळे तोंडंच बघताहेत." तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं, असं तिला आज पहिल्यांदाच वाटलं आणि तिचे डोळे भरून आले.

"चल आत," आ-होंग म्हणाला. "आमा ओरडेल."

आत मामला घासाघिशीवर आला होता. वेन-पिन यांनी तडजोड मांडली होती: आधी चार वर्षं हिशेबशास्त्र, मग हवं तर छंद म्हणून खेळ. आत्या म्हणत होती, पाचपैकी तीन धरा. वेन-लुंग म्हणत होता, एक होकार आणि एक हसू मिळून दीड होकार होतो का बघा. आमा उठली. ती उठली की सगळे आपोआप गप्प होत.

"तुम्ही सगळे आपापलं विचारताय म्हणून तो हसतोय. कोरी आ-होंगला द्या."

एकदम गिल्ला झाला. कारण आ-होंगने कौल टाकायचा नाही, हा घरातला जुना कायदा होता. शाळेत असताना त्याने कौल टाकून मेलेल्या पणजोबांना विचारलं होतं, आज शाळेत जाऊ का, आणि पणजोबांनी सलग आठवडाभर त्याला सुट्टी मंजूर केली होती. मग बापाच्या लक्षात आलं की पोरगा कोरी हव्या तशा पाडतो. तेव्हा त्याला आधी छडी मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर नेऊन हातात चेंडू देण्यात आला. तेव्हापासून देव्हाऱ्यासमोर त्याला फक्त उदबत्तीची परवानगी होती.

"त्याच्या हाताचा भरवसा नाही!" आत्या म्हणाली.

"का नाही?" वेन-पिन म्हणाले. त्यांनी मनातल्या मनात मतं मोजली होती. धाकटा आपल्या बाजूने आहे, आणि त्याने कोरी पाडल्या तर आपल्याला हव्या तशाच पडतील, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट वाचता येत होतं. "जुन्या गोष्टी झाल्या त्या. आता कसला हात राहिलाय त्याचा? हात संपलाय म्हणून तर घरी आलाय. टाकू दे की. काय रे वेन-लुंग?"

"टाकू दे," वेन-लुंग म्हणाला.

"सगळ्यांच्या समोर सांग," आमा थोरल्याला म्हणाली. "मागाहून कटकट नको. त्याच्या हातात काही उरलेलं नाही ना?"

"काही नाही. सगळ्यांना माहीत आहे."

आ-होंग गुडघ्यांवर बसला. बाही वर सरकली तशी कोपरावरची शस्त्रक्रियेची खूण दिसली. तळणीच्या तेलाचे डाग त्याच्या बोटांवर होते. त्याने कोरी ओंजळीत घेतल्या, एकदा वजन पाहिलं, आणि पेई-लानला एकाएकी आठवलं, की ती नवी नवरी असताना हाच पोरगा लीचीच्या बिया खोलीच्या त्या टोकाहून वाडग्यात टाकायचा आणि एकही बाहेर पडायची नाही.

"बाबा," तो म्हणाला, "यो-चेनने खेळाचा धंदा शिकायला जावं का?"

वेन-पिन यांनी प्रश्न ऐकून मान डोलावली. सरळ प्रश्न, सरळ नकार.

कोरी पडल्या. होकार.

"पहिली तशी पडतेच," वेन-पिन म्हणाले.

दुसऱ्यांदा होकार पडला तेव्हा त्यांनी हात पुन्हा मागे बांधले. यो-चेन भिंतीला पाठ लावून उभी होती. तिसऱ्या वेळी आ-होंगने डोळे मिटले. बाकीचे सगळे फरशीकडे बघत होते. पेई-लान एकटी त्याच्या मनगटाकडे बघत होती. मनगट किंचित वळलं, एकच कोर अर्धं अंग फिरून खाली उतरली आणि जागेवर बसली.

होकार.

"यानेच पाडल्या!" वेन-पिन ओरडले. "मी बघितलं! मुद्दाम पाडल्या!"

"दादा," आ-होंग गुडघ्यांवरूनच म्हणाला, "माझा हात संपलाय ना?"

पुढच्या दालनातून कातड्याचा वास येत होता.

"बोल की," आमा म्हणाली. "संपलाय की नाही? संपला असेल, तर हे तुझ्या बापाने सांगितलं. आणि संपला नसेल, तर नऊ वर्षांपूर्वी त्याला घरी कुणी बसवलं, तेही आज बापासमोर होऊन जाऊ दे."

वेन-पिन यांनी भावाच्या हाताकडे पाहिलं. मग बापाच्या तसबिरीकडे पाहिलं. उपमुख्याध्यापकाच्या कारकिर्दीत त्यांना कुणी इतका छोटा प्रश्न विचारला नव्हता. पेई-लानला क्षणभर त्यांची दयासुद्धा आली, पण ती लगेच गेली.

"संपलाय," ते म्हणाले.

"मग बाबांनीच सांगितलं," वेन-लुंग म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो शेवटचा बोलला होता.

"भाऊजी," पेई-लान म्हणाली, आणि आपला आवाज इतका मोठा आला याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं, "तो फलक आणा आतमध्ये. उलट्या बाजूने कोरा असेल ना? माशावर झाकायला बरा पडेल."

वेन-पिन खरंच आणायला गेले. त्यांना बाहेर जायला काहीतरी कारण हवंच होतं. आत्या म्हणू लागली की चुन-वेईला आजच कळवायला हवं, तो यो-चेनला सगळं समजावून सांगेल, अस्वलाचं काम तर हंगामापुरतंच आहे. आमाने कोरी हातात घेतल्या आणि नवऱ्याला विचारलं, "झालं का तुझं?" कौल पहिल्याच वेळी होकाराचा पडला. म्हाताऱ्याला बहुधा घाई झाली होती.

सगळे गार अन्नावर तुटून पडले. यो-चेन काकाच्या शेजारी बसली. तिने त्याच्या वाडग्यात माशाचा पोटाकडचा तुकडा घातला.

"मी अजून तुझ्यावर खूश नाही," तो पुटपुटला. "ते लोक फार वाईट असतात."

"माहीत आहे."

"फोनवर सांगायचं नाही. जाऊन भेटायचं. समोर बसायचं."

"हो."

"आणि तो शिव्या देईल. देऊ द्यायच्या."

"देऊ देईन," ती म्हणाली आणि रडू लागली. त्याने रुमालाऐवजी टर्कीभाताचं वाडगं तिच्याकडे सरकवलं.

एवढ्यात टेबलावर ठेवलेला त्याचा फोन वाजू लागला. गाडीच्या जागेचा मालक होता, नाहीतर कोंबड्यांचा पुरवठादार. आ-होंगने सवयीने चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि तोंडातला घास तसाच ठेवून हात पुढे केला. सगळं टेबल त्या हाताकडे बघत होतं.

यो-चेनने त्याच्या आधी फोन उचलला. डोळे पुसले, घसा साफ केला.

"काका जेवताहेत," ती म्हणाली. "त्यांचं होऊ दे. मग मी तुम्हाला फोन करायला सांगते."